चाळकेवाडीचा निळा गळा

एप्रिल संपत आला की साताऱ्याच्या पठारांवर हिरवं फारसं उरत नाही. गवत करपून जांभ्याच्या रंगाला मिळालेलं असतं, डबकी आटलेली असतात, करवंदीच्या जाळ्या तेवढ्या तग धरून असतात. फुलांच्या दिवसांत इथे गाड्यांच्या रांगा लागतात. मे महिन्यात, टळटळीत उन्हात, कुणी फिरकत नाही. सरड्यांचा हंगाम नेमका हाच. जांभ्याचा दगड हाताला सहन होणार नाही इतका तापलेला असतो आणि त्याच्यावर एक करडा-तपकिरी नर मान ताठ करून उभा असतो. गळ्याखालची कातडी उघडते, मिटते, पुन्हा उघडते. निळी, काळी, नारिंगी. आजूबाजूच्या सगळ्या मातकट पसाऱ्यात तेवढा एकच ठसठशीत रंग.

*

साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघरकडे जाणारा रस्ता पुढे चाळकेवाडीच्या पठारावर चढतो. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंची. पायाखाली जांभा, त्याच्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठ्या झाडाला मूळ धरायला जागाच मिळत नाही. शिवाय वारा. त्यामुळे जे उगवतं ते बुटकं राहतं: गवत, खुरटी झुडपं, दगडाच्या सांदीत घुसलेली करवंद. लांबून पाहणाऱ्याला हे ओसाड वाटतं. खाली बसून पाहिलं, तर दर चार पावलांवर कुणाचं तरी बीळ, कुणाची तरी वाट, कुणाची तरी सावली असते.

*

सरडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुंपणावर बसून मान हलवणारा बागेतला सरडा येतो. आपली म्हणही त्याच्यावरच बेतलेली, धाव कुंपणापर्यंतची. पठारावरच्या या सरड्याला कुंपण माहीत नाही, झाड माहीत नाही. तो जमिनीवरचा. पाठीवर मधोमध गडद चौकटींची रांग, अंग काटक, पाय लांब. मागच्या पायाला बोटं चारच. बहुतेक सरड्यांना पाच असतात. या कुळातले सरडे घाईत असले की मागच्या दोन पायांवर उभे राहून पळतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते पाखरू वाटतं.

गळ्याखालचा हा पंखा फक्त नराला. जिभेच्या मुळाशी एक नाजूक हाड असतं; ते पुढे ढकललं की गळ्याची घडी घातलेली कातडी ताणली जाऊन उघडते, हाड मागे घेतलं की मिटते. मिटलेल्या पंख्याचा रंग जवळजवळ दिसत नाही. म्हणजे रंग कधी दाखवायचा आणि कधी लपवायचा, हे त्याच्या हातात असतं. मादी रंगाने मातीची, गळा कोरा. उन्हात ती हलली नाही तर नजर तिच्यावरून सरकून पुढे जाते.

*

शंभर-सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गळ्याला पंखा असलेले आपल्याकडचे बहुतेक सरडे ‘सिताना’ या एकाच प्रजातीच्या नावाखाली जमा होते. प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने 1829 मध्ये पुदुच्चेरीच्या सरड्यावरून ते नाव दिलं. जेर्डनने 1870 मध्ये दख्खनचा एक सरडा वेगळा काढला होता, पण पुढच्या अभ्यासकांनी त्याला पुन्हा जुन्या नावात मिसळून टाकलं. मग 2016 मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडं, बाह्य लक्षणं आणि जनुकं एकत्र तपासली आणि मोठ्या, रंगीत पंख्याचे सरडे मुळात वेगळ्या शाखेचे आहेत हे दाखवलं. त्या शाखेला त्यांनी ‘सारडा’ हे नाव दिलं, आपल्या मराठी सरड्यावरून. तिच्यात तेव्हा तीन जाती आल्या: जेर्डनचा दख्खनी सरडा, डार्विनच्या नावाचा एक, आणि तिसरा ‘सारडा सुपर्बा’. या तिसऱ्याचा मूळ नमुना चाळकेवाडीच्या पठारावरचा.

या पठारावर गुरं चारणाऱ्या कित्येक पिढ्यांनी हा प्राणी रोज पाहिला असेल. विज्ञानाच्या वहीत मात्र तो परवा-परवा उतरला. सह्याद्रीत अजून किती जण असे न नोंदवलेले असतील, या विचाराने मला दर उन्हाळ्यात नव्याने हुरूप येतो.

*

निळ्याबद्दल. सरड्यांच्या कातडीतला निळा सहसा रंगद्रव्याचा नसतो. कातडीतल्या काही पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात. त्यांच्यावर आपटून प्रकाशातला निळा भाग परततो आणि खाली काळ्या द्रव्याचा थर असेल तर तो निळा अधिक गडद दिसतो. नारिंगी-पिवळ्याचं तसं नाही. तिथे रंगद्रव्यं लागतात. काही शरीर स्वतः बनवतं, काही अन्नातून, म्हणजे किड्यांमार्फत आणि शेवटी वनस्पतींतून, मिळवावी लागतात. तेव्हा भडक पंखा हा नुसता नटण्याचा प्रकार राहत नाही. खाणं कसं आहे, अंगात जोर किती आहे, याचा तो जाहीर दाखला होतो. मादी तो वाचते, शेजारचा नरही वाचतो.

आणि वरून घारही.

*

या पठारांवर आकाशातून शिकार करणारे पक्षी कोण? कापशी घार: पांढरट-राखी, लाल डोळ्यांची, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारी आणि मग पाय खाली सोडून उतरणारी. तीसा: खांबावर, दगडावर तासन्‌तास बसून जमिनीकडे पाहणारा. हिवाळ्यात त्यांचे मोठे भाईबंदही येतात. झाड नसलेल्या जागी सरड्याला लपायला दगडाची कपार आणि झुडपाचा बुंधा एवढंच. भर उन्हात उंच दगडावर चढून निळा पंखा उघडणं म्हणजे मादीला बोलावता बोलावता वरच्यालाही पत्ता सांगणं. तरी तो उघडतो. या सरड्याचं सगळं शरीर आणि सगळं वागणं या दोन नजरांच्या मध्ये घडलेलं आहे.

*

पवनचक्क्या इथे 1990 च्या दशकापासून उभ्या राहिल्या. जागा त्यांच्यासाठी योग्यच होती. नैऋत्येचा वारा सह्याद्री ओलांडताना या मोकळ्या पठारांवर जोरात वाहतो आणि त्याला अडवायला झाड नाही. सज्जनगडाच्या वाटेवरूनच डोंगरमाथ्यावर फिरणारी पाती दिसायला लागतात. मला त्या पात्यांचा राग येत नाही. कोळसा जाळून होणारी वीज कशाच्या मोबदल्यात मिळते हे आपण जाणतो आणि वाऱ्यापासून वीज करणं हे चांगलंच काम आहे. पण चांगल्या कामाचाही जमिनीवर काही परिणाम होतो आणि तो पाहायला कुणीतरी जमिनीवर बसावं लागतं.

*

ते बसले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर, आणि त्यांच्यासोबत अमोद झांबरे व हर्षल भोसले. त्यांचा अभ्यास 2018 मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये छापून आला आणि चाळकेवाडीचं नाव जगभर गेलं. पवनचक्क्यांमुळे पक्षी आणि वटवाघळं मरतात हे आधीपासून माहीत होतं. यांनी प्रश्न पुढे नेला: पक्षी कमी झाले, तर ते ज्यांना खातात त्यांचं काय होतं?

पवनचक्क्या असलेला भाग आणि त्याच परिसरातला पवनचक्क्या नसलेला भाग त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिला. जिथे पवनचक्क्या नव्हत्या तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. पात्यांखाली पक्षी कमी आणि त्यांचे जमिनीवरचे हल्लेही कमी. सरड्यांचं उलट: पात्यांखाली दाटी जास्त.

इथे थांबलं असतं तर ही सरड्यांसाठी चांगली बातमी ठरली असती. ते थांबले नाहीत. त्यांनी सरडे जवळून पाहिले.

पात्यांखालचे सरडे बारीक होते. लांबीच्या मानाने वजन कमी. त्यांच्या पंख्यांचे रंग फिके होते. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, कमी होतं. आणि माणूस चालत गेला तर ते सहजी पळत नव्हते. दुसऱ्या भागातल्या सरड्यांच्या तुलनेत पाचपटीपर्यंत जवळ जाऊ देत होते.

*

संप्रेरकाची ही नोंद मला सगळ्यांत बोलकी वाटते. पवनचक्कीचा आवाज, हादरे, सावलीची फिरती पट्टी यांनी सरडे बेजार झाले असते, तर ताणाचं संप्रेरक वाढलेलं दिसायला हवं होतं. ते घटलेलं दिसलं. म्हणजे यंत्र सरड्याला थेट छळत नाही. यंत्र घारीला दूर ठेवतं, आणि घारीच्या नसण्याने सरडा बदलतो. अभ्यासकांनी म्हणूनच पवनचक्कीला अन्नसाखळीच्या माथ्यावर नव्याने येऊन बसलेल्या शिकाऱ्याच्या जागी ठेवलं. तो कुणाला खात नाही, पण जे खातात त्यांना हुसकावतो.

*

‘पाचपट जवळ’ हे मोजतात कसं? पद्धत साधी आहे. सरडा लांबून हेरायचा, मग त्याच्याकडे सरळ रेषेत, एकाच चालीने चालत जायचं. तो ज्या क्षणी पळतो त्या क्षणी आपण थांबायचं आणि मधलं अंतर मोजायचं. भीतीला मोजपट्टी लावायची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही. पळायला उशीर करणारा सरडा खायला आणि पंखा दाखवायला जास्त वेळ मिळवतो. लवकर पळणारा जीव वाचवतो पण घास सोडतो. प्रत्येक अंतर हा त्या प्राण्याने मांडलेला हिशोब असतो.

*

फिकट रंगांपाशी मी बराच काळ अडून राहिलो आहे. कारण अपेक्षा उलटी असायला हवी.

डासांच्या बंदोबस्तासाठी आपल्याकडे विहिरींत, टाक्यांत गप्पी मासे सोडतात. त्यांच्या मूळ मुलखात, त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत, जॉन एंडलर यांनी त्यांचा अभ्यास केला आणि 1980 मध्ये जे लिहिलं ते आता उत्क्रांतीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. जिथे नरांना खाणारे मोठे मासे होते तिथे गप्पीचे नर साधे, कमी ठिपक्यांचे. जिथे खाणारे कमी तिथे नर भडक. धोका उतरला की मादीची आवड वरचढ ठरते आणि पिढ्यान्‌पिढ्या रंग चढत जातो. ओढ्यातून ओढ्यात मासे हलवून एंडलर यांनी हे घडतानाही दाखवलं.

मग चाळकेवाडीच्या पात्यांखाली, घारी कमी असताना, सरडे अधिक निळे का नाहीत? मला जे उत्तर पटतं ते असं. एंडलर यांच्या माशांत रंग पिढ्यांच्या निवडीतून बदलला. इथे बदल बहुधा प्रत्येक सरड्याच्या आपल्या आयुष्यातला आहे. गर्दी वाढली, किडे तेवढेच राहिले, वाट्याला कमी आलं, अंग बारीक राहिलं, आणि पंख्यावर खर्च करायला काही उरलं नाही. रंग मादीला पोटाची खबर देतो असं वर लिहिलं. इथे तो ती खबर देतोच आहे, आणि खबर वाईट आहे. काही पिढ्यांनी निवडीचा परिणाम वर येऊन रंग परत चढेल का? चढायलाही पुरेसं खाणं लागेल. हा प्रश्न पठारावर उघडा पडलेला आहे आणि त्याला उत्तर देणारे प्राणी दर उन्हाळ्यात दगडांवर येऊन उभे राहतात.

संख्या वाढली की जात सुखात आहे असं आपण धरून चालतो. या पठारावर हा समज टिकत नाही. पात्यांखाली सरडे मोजणाऱ्याला भरपूर सापडतील, पण ते सरासरीने घारीखाली वाढलेल्या भावांपेक्षा अशक्त आणि फिके असतील.

*

भीतीविषयी आणखी एक. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांवर लियाना झनेट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. 2011 मध्ये ‘सायन्स’मध्ये तो आला. गाणाऱ्या चिमण्यांच्या घरट्यांना जाळी-कुंपण घालून प्रत्यक्ष शिकाऱ्यांपासून वाचवलं, आणि त्यांना ध्वनिवर्धकावर नुसते शिकाऱ्यांचे आवाज ऐकवले. कुणी कुणाला खाल्लं नाही. तरी त्या हंगामात त्यांची पिल्लं चाळीस टक्क्यांनी कमी झाली. आयांनी अंडी कमी घातली, घास कमी भरवले. नुसत्या भीतीने.

चाळकेवाडीत त्याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. भीती काढून घेतली आणि तेही सरड्यांना मानवलं नाही. घार सरड्याला मारते हे खरं. घार सरड्यांची दाटी पातळ ठेवते, आणि त्या पातळ वस्तीतच धष्टपुष्ट, निळ्या गळ्याचे नर निपजतात, हेही तितकंच खरं.

*

दक्षिणेकडे, याच घाटाच्या पाठीच्या कण्यावर, निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत आणखी उंचावर ‘सालिआ’ नावाचे सरडे राहतात. ग्रेने 1845 मध्ये नाव दिलेला एक, बेडमने 1878 मध्ये अनामलईचा दुसरा. ते झुडपांतले, थंडीतले, हिरव्या-तपकिरी अंगाचे, पाठीवर काट्यांची ओळ मिरवणारे. त्यांना खालची गरम हवा सोसत नाही आणि वर जायला डोंगर संपलेला असतो. चाळकेवाडीच्या सरड्याची तशी कोंडी नाही, त्याला ऊन हवंच. पण पठार तुटलं की दरी आणि दरीत रान. त्याच्या दृष्टीने तेही बेटच.

*

सरकारी दप्तरात या पठारांसारख्या जमिनी बहुतेक वेळा पडीक. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी रान हा स्वतंत्र रकाना आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी 2022 मध्ये देशातल्या मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा, म्हणजे गवताळ रानं, झुडपी रानं, खडकाळ माळ, वाळवंट यांचा नकाशा केला. देशाच्या भूभागाचा साधारण दहावा हिस्सा त्यांत येतो. त्यातला पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित आहे.

जोडीला दुसरी गोष्ट. पर्यावरणावरील परिणाम तपासण्यासाठीच्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेच्या यादीत पवन ऊर्जा प्रकल्पच नाहीत. म्हणजे डोंगरमाथ्यावर शंभर खांब उभे करायचे असले, तरी तिथे आधी कोण राहतं हे त्या अधिसूचनेखाली विचारलं जात नाही. हे चुकीचं आहे, आणि पवन ऊर्जेच्या हिताचंही नाही. दोन पठारांतून एक निवडायचं असेल, तर कुठे घारींचा वावर जास्त आहे आणि कुठे कमी, एवढं पाहायला एक-दोन ऋतू पुरतात. खांब पंधरा-वीस वर्षं, त्याहूनही जास्त उभे राहतात.

*

आणखी एक धोका: वणवे. उन्हाळ्यात पुढचं गवत चांगलं येईल म्हणून लावलेली किंवा नुसतीच विडीच्या थोटकाने लागलेली आग पठारभर पसरते, आणि ती नेमकी सरड्यांच्या विणीच्या दिवसांत. दगडाखाली शिरलेला वाचतो, उघड्यावरचा नाही. त्यातून गाड्या रस्ता सोडून गवतावर घालणं. चाकाखाली काय येतं ते चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

*

पहिल्या पावसाने पठार बदलतं. महिनाभरात जांभ्यावर शेवाळ, मग गेंद, मग सीतेची आसवं. सरड्यांचा निळा खेळ तोवर आटोपलेला असतो. मादी मऊ झालेल्या मातीत खड्डा करून अंडी पुरते आणि वर माती ओढून निघून जाते. धुक्यात, फुलांच्या फोटोंसाठी गुडघ्यावर बसलेल्या माणसांच्या खाली, ती अंडी असतात. वाट सोडू नका असं सांगणारे स्वयंसेवक फुलांसाठी सांगतात. ते सांगणं अंड्यांच्याही कामी येतं.

*

कुणाला जायचं असेल तर मे महिन्यात जा, सकाळी नऊच्या सुमारास, ऊन चढत असताना. टोपी आणि भरपूर पाणी घ्या, दुर्बीण असेल तर उत्तम. दगड उलटू नका. त्या दगडाखालचा गारवा हेच कुणाचं तरी घर असतं, आणि विंचूही तिथेच राहतो. रस्त्यापासून थोडं आत जाऊन एका जागी बसून राहा. नर उंच दगड निवडतो, तेव्हा आधी दगडांचे माथे बघा, मग मधली जमीन. पंखा उघडलेला दिसला की आकाशाकडेही एकदा नजर टाका, वर कोण आहे ते बघा. निघताना एखाद्या सरड्याकडे सरळ, सावकाश चालत जा. तो पळाला की थांबा, पाठलाग करू नका. मधलं अंतर पावलांत मोजा आणि वहीत लिहा. तारीख लिहा, वेळ लिहा, आणि सगळ्यांत जवळचा पवनचक्कीचा खांब अंदाजे किती लांब होता, तेही.